दहा तोंडांच्या सूक्ष्मदर्शकाखाली मामा

ती. मामा यांना भाचीचा साष्टांग नमस्कार, चार हात लांबून. (लांबून अशासाठी की मागच्या खेपेला मी पाया पडायला वाकले तर मामीने मला दंडाला धरून मागे खेचलं. माझं डोकं तुमच्या नडगीवर आपटलं असतं आणि आतल्या आत रक्त साकळलं असतं, असं तिचं म्हणणं. डॉक्टर मी आहे, पण तुमच्या घरातलं आरोग्यखातं तिच्याकडे आहे.) पत्रात आधी प्रकृती विचारायची असते म्हणून विचारते, कशी आहे? पण खरं सांगायचं तर या वेळी तुमची प्रकृती तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, आणि ती कळल्यापासून माझीच बिघडली आहे. काल जेवायला बसले आणि मीठ समजून साखर घेतली, ती तशीच खाल्ली, आणि मैत्रिणीने सांगेपर्यंत मला पत्ता नाही. फोनच केला असता, पण फोन मामी उचलते आणि 'ते पडलेत' म्हणून ठेवून देते. शिवाय तोंडी सांगितलेलं तुम्हाला कधी पटलेलं नाही. गिऱ्हाइकाने कपाटाचं माप कागदावर लिहून दिल्याशिवाय तुम्ही फळीला हात लावत नसत. म्हणून हे पत्र. बसून वाचा म्हणणार होते, पण वर्षभर तुम्ही बसूनच आहात. तेव्हा पाठीला उशी घेऊन, टेकून वाचा.

आधी मी इथे काय करते ते एकदा नीट सांगते, कारण तुम्ही लोकांना काय सांगता ते आईने मला कळवलं आहे. 'पोरगी डॉक्टर झाली खरी, पण धड झाली नसावी, म्हणून परत शिकायला बसवलीय,' असं तुम्ही शेजारच्या शिंप्याला म्हणालात. मामा, याला फेलोशिप म्हणतात. डॉक्टर झाल्यावर, त्याच्यावरची पदवीही घेऊन झाल्यावर, ज्यांची हौस तरीही फिटलेली नसते त्यांनी रक्ताचे आणि हाडांच्या आतल्या मज्जेचे आजार ओळखायला शिकायचं, असा हा प्रकार आहे. बरे करायचे नाहीत, फक्त ओळखायचे. बरे करणारे वरच्या मजल्यावर बसतात आणि त्यांना खिडक्या आहेत. आम्ही तळमजल्यावर मागच्या अंगाला, जिथे भर दिवसा दिवे लागतात आणि रक्त रंगवायच्या औषधाने बेसिन कायमचं जांभळं झालेलं आहे. माझी बोटंही जांभळीच असतात. (परवा बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्या उठून मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला ऐसपैस बसता आलं, हा त्यातला फायदा.)

पहिला धक्का मला इथे आल्याआल्याच बसला, तो असा की इथे माणूसच येत नाही. त्याच्याऐवजी त्याचा थेंब येतो, काचेवर पसरलेला. नाहीतर कमरेच्या हाडातून सुईने काढलेला तुकडा येतो, काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढा, आणि त्याच्याकडे बघून आम्ही सांगायचं की हा माणूस आजारी आहे का, असेल तर कशाने, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी त्याच्याकडे चालत जायचं की धावत. मी आजवर माणसांच्या जिभा बघितल्या, पोटं दाबली, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. इथे सून नाही, जीभ नाही, काही नाही. पहिला आठवडा मला ते फार सुखाचं वाटलं. मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं आणि मी काचेवरच्या पेशींनाच मनातल्या मनात 'कधीपासून दुखतंय' विचारू लागले.

आमच्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. अंगाने त्या इतक्या लहान आहेत की खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय त्यांचा डोळा यंत्राला पोचत नाही, पण आवाज कधी चढवत नाहीत आणि तेच भीतिदायक आहे. पहिल्या दिवशी मी एका पेशीचं नाव बरोबर सांगितलं. त्यांनी विचारलं, कशावरून? मी कारण दिलं. आणखी कशावरून? मी आणखी एक दिलं. असं करत करत त्यांनी मला अशा ठिकाणी आणून सोडलं की ती पेशी आहे की काचेवरची धूळ आहे याचीच मला खात्री वाटेना, आणि मी शरण गेले. तेव्हा म्हणाल्या, 'उत्तर बरोबर होतं. फक्त तुम्हाला ते माहीत नव्हतं.' दुसरा एक सहकारी आहे, त्याला आम्ही दुखवटा म्हणतो. काच कुणाचीही असो, त्याला तिच्यात वाईटात वाईट तेच दिसतं. चहाचा कप पुढे केला तरी आधी रंगाकडे बघून मान हलवतो. माणूस मात्र मनाने लोण्यासारखा, आणि या गोष्टीत त्याचं काम पुढे येणार आहे म्हणून ओळख करून ठेवली.

आता तुमच्याकडे येते. मामा, तुम्ही गेल्या वर्षी दाढ काढायला गेलात. दातवाल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितलं, आणि यंत्रातून कागद आला की यांच्या रक्तात प्लेटलेट्स जवळजवळ नाहीतच. म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्या बारीक चकत्या. दातवाल्यांनी तुम्हाला दाढेसकट घरी पाठवलं, आणि ते जिन्यापर्यंत पोचवायला आले तेव्हाच मामीने ओळखलं की प्रकरण मोठं आहे. परत तपासलं, आकडा आणखी खाली. तिसऱ्या लॅबमध्ये त्याहून खाली. खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही, जपा, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि मामीने जे जपायला घेतलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही त्यात राहता आहात. फक्त एवढंच म्हणते की ज्या माणसाने आयुष्यभर टेबलांचे कोन गुण्या लावून काटकोनात आणले, त्याच्याच घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना जुन्या चादरींचे बोळे बांधलेले बघून मला गलबलून आलं होतं. करवत, पटाशी, रंधा सगळं ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. मांजर आईकडे आलं. (ते आईला ओरबाडतं. आईच्या प्लेटलेट्स उत्तम आहेत, असं मामी म्हणते.) आणि दाढ अजून जागच्या जागी ठणकते आहे. शेवटी कुणीतरी सांगितलं की आता मज्जाच तपासायला हवी, कमरेच्या हाडात सुई घालून, आणि तुम्ही त्यासाठी पुढच्या आठवड्यात आमच्याच रुग्णालयात यायचं ठरलं. तुम्ही होकार दिलात आणि त्या दिवसापासून सगळ्यांशी एकदम गोड बोलायला लागलात, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो.

या वर्षाने एक गोष्ट मात्र दिली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. धाकटे मामा तुमच्याकडे यायला लागले. आईच्या लग्नात तुम्ही दोघा भावांनी मिळून जे कपाट केलंत त्याचं डावं दार लागत नाही, आणि ते दार कुणी बसवलं यावरून तुमचा जो अबोला सुरू झाला तो माझ्या जन्माच्याही आधीचा. (कपाट आमच्याकडेच आहे. कागदाची घडी खोचून दार लावायचं हे मला अक्षरओळखीच्या आधी आलं.) एका गल्लीत दोन कारखाने, दोन्हीकडे तोच भुसा, तीच करवतीची करकर, आणि बोलणं नाही. माझ्या बारशापासून प्रत्येक कार्याला एक आला की दुसरा निघून जायचा; आईने दोघांची पानं वेगवेगळ्या खोल्यांत मांडून आयुष्य काढलं. तुमचा आकडा कळला तशी धाकट्या मामांनी येऊन दारात उभं राहायचं धाडस केलं आणि तुम्ही 'ये' म्हणालात. आईने विचारलं तर म्हणालात, आता कसला अबोला, मी चार दिवसांचा सोबती. तेव्हापासून रोज सकाळी ते येतात, तुम्हाला पेपर वाचून दाखवतात, जपून दाढी करून देतात. आई तेव्हा जी रडली ती आनंदाने की भीतीने, हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही.

तर आता शुक्रवार. दर शुक्रवारी आमच्याकडे एक जण अनोळखी काच आणतो. आमच्या मधल्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याला एकाच काचेकडे बघायला दहा तोंडं आहेत (मी त्याला रावण म्हणते, मोठ्या बाईंच्या माघारी), आणि सगळे एकेका तोंडाला डोळे लावून बसतात. काच आणणाऱ्याने वय, पुरुष की बाई, आणि एक आकडा एवढंच सांगायचं, पुढे गप्प राहायचं. बाकीच्यांनी आजार ओळखायचा. नियम दोनच. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि घरच्या माणसाचं रक्त आणायचं नाही. आपल्या माणसाचं रक्त समोर असलं की डोळा आपल्याला हवं तेच बघतो, असं बाईंचं म्हणणं. मामा, मी तुमचं रक्त नेलं. मज्जेच्या तपासणीआधी म्हणून तुम्ही इथे रक्त देऊन गेलात, ते यंत्राने मोजलं, आकडा नेहमीसारखा तळाला, आणि बाटली बाजूला पडली. काच करायला कुणीच सांगितलं नव्हतं. मी उरलेल्या थेंबाची काच केली, रंगवली, वाळवली, आणि तिथेच अडले. एवढं शिकून सवरून मला एकटीला ती बघवेना. दहा तोंडं असली तर बरं, असं वाटलं, म्हणून मी ती शुक्रवारच्या काचांच्या डब्यात ठेवून दिली.

मी सांगितलं, पासष्टीचा पुरुष, प्लेटलेट्स फार म्हणजे फारच कमी. आणि शेवटच्या तोंडाशी जाऊन बसले. दुखवट्याने सुरुवात केली. त्याने मज्जेत काही शिल्लकच नसणार इथपासून आरंभ केला आणि तो रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोचला तेव्हा लोकांची अजून बिस्किटंही संपली नव्हती. कुणी म्हणालं, नाही, हा सावकाश चालणारा प्रकार दिसतो, काही महिने मिळतील. दुसऱ्याने विचारलं, घरच्यांना कल्पना दिली असेल का. तिसऱ्याने बशी पुढे सरकवायला सांगितली. मामा, ही वाईट माणसं नाहीत हो. मी पण दर शुक्रवारी असंच बोलते, असंच खाते, समोर थेंब असतो आणि आपण हुशार असतो. पण त्या दिवशी तो थेंब तुम्ही होतात, आणि लोक तुमचे महिने ठरवत होते, आणि मला नियमाप्रमाणे चेहरा कोरा ठेवायचा होता. चेहरा मी ठेवला. डोळे भिंगाला लावलेले होते ते एक बरं, फक्त भिंगावर वाफ धरली आणि मला काही दिसेनासं झालं. मी ऐकत राहिले.

 बाई मात्र काच सरकवत होत्या. आम्ही सगळे काचेच्या मध्यभागी बघतो, जिथे पेशी ऐटीत सुट्ट्या सुट्ट्या पसरलेल्या असतात. बाई टोकाकडे गेल्या, जिथे थेंब पसरत पसरत पातळ होऊन संपतो. तुम्ही नाही का फळी उचलून, एक डोळा मिटून, तिच्या कडेवरून पार टोकापर्यंत नजर नेता, तशा. आणि तिथे थांबल्या. त्यांनी एवढंच विचारलं, 'हे काय आहे?' मी भिंग पदराने, म्हणजे ॲप्रनच्या टोकाने पुसलं आणि बघितलं. तुमच्या सगळ्या प्लेटलेट्स तिथे होत्या. गठ्ठेच्या गठ्ठे, एकमेकींना चिकटलेले. एकही कुठे गेलेली नव्हती.

आता हे नीट वाचा, मामीलाही वाचून दाखवा. रक्त तपासायला घेतात ती जांभळ्या बुचाची बाटली असते आणि तिच्या तळाशी रक्त गोठू नये म्हणून एक औषध असतं. काही थोड्या माणसांचं रक्त असं असतं की त्यातल्या प्लेटलेट्सना हे औषध मानवत नाही, आणि त्या बाटलीत उतरल्या उतरल्या एकमेकींना मिठ्या मारतात. तुमच्या अंगात त्या मोकळ्याच फिरतात, आपलं काम करतात. यंत्र सुट्ट्या मोजतं; गठ्ठा आला की त्याला ते प्लेटलेट समजतच नाही, पुढे जाऊ देतं, आणि कागदावर लिहितं, नाहीत. तिन्ही लॅबमध्ये बाटली तीच, यंत्र तसंच, आणि काचेच्या टोकाला कुणी गेलंच नाही. बाई म्हणाल्या, 'या माणसाला काही झालेलं नाही. जे झालंय ते बाटलीत झालंय. याला आजारी कोण म्हणालं?'  मग माझ्याच तोंडून निघून गेलं, 'सगळेच म्हणतात, वर्षभर. ते माझे मामा आहेत.'

नऊ तोंडं यंत्रापासून वर झाली आणि माझ्याकडे वळली. दुखवटा उभाच राहिला. त्याचा चेहरा तुमच्यापेक्षा आजारी दिसत होता. त्याने बिस्किटांची अख्खी बशी आणून माझ्या मांडीवर ठेवली. बाई नियमाबद्दल रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसले. त्या म्हणाल्या, यापुढे वर्षभर शुक्रवारची काच तुम्हीच आणायची, आणि मामांना बोलवा. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले, नमुने ठेवायच्या फ्रीजला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि हसायला लागले, मग ते रडणं झालं. आनंद होता, नाही असं नाही. पण मला संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. माझा मामा वर्षभर लाकडाला हात न लावता बसून राहिला, दाढ ठणकत असताना मऊ भात गिळत राहिला, मरणाची तयारी करत राहिला, आणि का, तर बाटलीच्या बुचाचा रंग जांभळा होता. कुणावर ओरडावं तेही कळत नाही. फ्रीजवर थोडी ओरडले.

तर मामा, तुम्ही ठणठणीत आहात. चार दिवसांचे सोबती वगैरे काही नाही, आम्हाला अजून पुष्कळ वर्षं तुमची बोलणी खायची आहेत. कमरेतली सुई बहुतेक टळेल, दाढ निघेल, टेबलांचे कोपरे उघडे होतील. मामीला माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून झाल्यावर तिला धरून बसवा. वर्षभर ती तुमच्यापेक्षा जास्त दमली आहे. मांजर परत न्यायला कधी येता ते आईला कळवा, ती वाट बघते आहे.

तुमची लाडकी (निदान मज्जेची सुई टाळल्याबद्दल तरी) भाची

ता. क. मोठ्या बाईंनी आत्ता येऊन विचारलं की मी काय लिहिते आहे, आणि त्यांनी मला बजावलं आहे की निळ्या बुचाच्या बाटलीत, ज्यात दुसरं औषध असतं, नव्याने रक्त घेऊन लगेच मोजल्याशिवाय पेशंटला एक अक्षर सांगायचं नाही. तेव्हा वर जे काही लिहिलं आहे ते तुम्ही अजून वाचलेलं नाही. उद्या सकाळी या, दंड मोकळा राहील असा सदरा घाला, आणि बाईंनी बातमी सांगितली की तोंडावर आश्चर्य दिसू द्या. तोवर ट्रंकेची किल्ली मागू नका.

ता. क. २. मी बाईंचं मोडलेलं हे दुसरं फर्मान नाही, तिसरं आहे; पहिलं ती शुक्रवारची काच, तिसरं हे पत्र. दुसरं मी ऐकायच्या आधीच मोडलं, ते असं. धाकटे मामा आज इथे आले होते. सुई घालायच्या दिवशी तुम्हाला कुणाच्या प्लेटलेट्स द्याव्या लागल्या तर आपल्याच असाव्यात, म्हणून रक्तपेढीत नाव द्यायला. रांगेत उभे होते, बाही वर करून. मला राहवलं नाही, मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगून टाकलं. ते बाकावर बसले, दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं, 'बरं झालं, बरं झालं' म्हणाले.  बाही खाली केली, बटण लावलं. आणि मग मला विचारलं, 'आजारी नाही म्हणजे आता तो पहिल्यासारखं बोलणं बंद करणार का गं?' मामा, मी त्यांना बाकावरच थांबायला सांगितलं आणि हे पत्र लिहायला बसले.

ता. क. ३. म्हणून हे एवढं लांबलचक पत्र, नाहीतर 'उद्या या' एवढी चिठ्ठी पुरली असती. मी ते दुखवट्याबरोबर पाठवणार होते, पण धाकट्या मामांनी मागून घेतलं, मीच नेऊन देतो म्हणाले. त्यांनी ते वाचलेलं नाही, पाकीट बंद करूनच देते आहे. तुम्ही वाचत असताना ते दारातच उभे असतील, तुमच्या तोंडाकडे बघत, आत यावं की नाही ते न कळून. उत्तर मला पाठवू नका. मान वर करा आणि त्यांना 'बस' म्हणा.